लिस्बनला मुक्काम ठेवून करायच्या एका दिवसाच्या सहली

लिस्बनला चार-पाच दिवस येणारे बरेच जण शहरात तीन दिवस काढतात आणि उरलेल्या एका दिवसात सिंत्रा, काबो दा रोका आणि काश्काइश असं सगळं उरकून टाकतात. टूरवाल्यांच्या गाड्याही तशाच फिरतात. त्यात होतं असं, की सिंत्रातला पेना राजवाडा बाहेरून दिसतो, काबो दा रोकाच्या समुद्रकड्यावर दहा मिनिटं वारा खायला मिळतो आणि काश्काइशला पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. माझं सांगणं एवढंच आहे: एका दिवसात एकच दिशा धरा. लिस्बनभोवतीची गावं रेल्वेनं आणि बसनं इतकी सोयीची आहेत, की मुक्काम न हलवता, सामान न बांधता रोज नवं गाव पाहून रात्री परत येता येतं.

दुसरंही एक कारण आहे. आपल्या गोव्याचा आणि या प्रदेशाचा साडेचारशे वर्षांचा संबंध होता. त्याच्या खुणा लिस्बनच्या संग्रहालयांपेक्षा आसपासच्या गावांत जास्त आहेत, आणि मराठी माणूस त्यांच्याजवळून नकळत निघून जातो. म्हणून खाली रस्ता सांगताना त्या खुणाही सांगतो.

आधी स्टेशनं समजून घ्या

लिस्बनमध्ये एकच मोठं स्टेशन आहे असं समजून निघालात, तर सकाळ वाया जाईल. सिंत्राची गाडी रोसिओहून सुटते. काश्काइशची गाडी नदीकाठच्या काइश दु सोद्रेहून सुटते. तोमारला जायचं तर सांता अपोलोनिया किंवा ओरिएंत. एव्होराची गाडी ओरिएंतहून निघते आणि वाटेत सेत रिउशला थांबते. लांब पल्ल्याच्या बसचं मोठं स्थानकही सेत रिउशलाच आहे, मेट्रोच्या निळ्या मार्गावर, प्राणिसंग्रहालयाच्या शेजारी. ओबिदुश आणि माफ्राच्या बस मात्र कांपु ग्रांद मेट्रो स्टेशनजवळून निघतात. हॉटेल घेतानाच हे डोक्यात ठेवा. रोसिओच्या आसपास उतरलात, तर बहुतेक ठिकाणी मेट्रोनं वीस-पंचवीस मिनिटांत पोचता.

पहिल्याच दिवशी मेट्रोच्या मशिनमधून ‘नावेगांत’ कार्ड घ्या. प्रत्येकाला स्वतःचं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. त्यात थोडे पैसे भरून ठेवायचे, त्याला इथे ‘झॅपिंग’ म्हणतात. त्यावर मेट्रो, ट्राम, नदीवरची फेरी आणि सिंत्रा-काश्काइशच्या लोकल गाड्या सगळं चालतं. सकाळी रोसिओला तिकिटाची रांग दारापर्यंत आलेली असते, तेव्हा कार्डात पैसे असलेला माणूस सरळ गेटमधून आत जातो. एव्होरा, तोमार अशा लांबच्या गाड्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. तुमच्याबरोबर ६५ वर्षांवरचे आई-वडील असतील तर पासपोर्ट दाखवून पोर्तुगीज रेल्वेचं अर्धं तिकीट मागा. ही सवलत परदेशी प्रवाशांनाही मिळते.

सिंत्रा: पूर्ण दिवस द्या

लिस्बनच्या वायव्येला डोंगराच्या कुशीत वसलेलं हे गाव. समुद्रावरून येणारे ढग इथे अडतात, म्हणून लिस्बनला कडक ऊन असतानाही सिंत्रात धुकं आणि गारवा असतो. राजघराणं उन्हाळ्यात इथे येऊन राहायचं ते त्यामुळेच. जुलैतही अंगावर घ्यायला काहीतरी जवळ ठेवा.

क्रम असा ठेवा. पेना राजवाड्याचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. तिकिटावर छापलेली वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फाटकापासून दारापर्यंत चढाचा रस्ता आहे, चालायला अर्धा तास धरा. वेळ चुकली तर आत सोडत नाहीत. त्यामुळे रोसिओहून आठच्या आधीची गाडी पकडा. प्रवास चाळीस मिनिटांचा आहे. सिंत्रा स्टेशनच्या बाहेर ४३४ नंबरची बस लागते. ती एकाच दिशेनं गोल फिरते: स्टेशन, जुनं गाव, मूरांचा (उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम राज्यकर्त्यांचा) किल्ला, पेना आणि परत स्टेशन. स्वतःची गाडी आणू नका. वरचा रस्ता अरुंद आहे आणि बाहेरच्या गाड्यांना तिकडे मनाई आहे.

पेनाची गोष्ट थोडक्यात सांगतो. राणी मारिया दुसरी हिचा जर्मन नवरा फर्नांदो यानं १८३८ साली डोंगरमाथ्यावरचा एक ओसाड मठ विकत घेतला आणि त्याभोवती मनाला येईल तसा राजवाडा उभा केला. जुन्या मठाचा भाग लाल, नवा भाग पिवळा. आतल्या खोल्या लहान आहेत आणि रांग हळूहळू पुढे सरकते. खरी मजा बाहेरच्या गच्च्यांवर आणि बागेत आहे. आतल्या गर्दीचा कंटाळा असेल, तर फक्त बागेचं तिकीट स्वस्त मिळतं, त्यात गच्च्याही पाहता येतात का ते काढताना तपासून घ्या.

पेनाहून दहा मिनिटं चाललं की मूरांचा किल्ला. आत इमारत अशी फारशी उरलेली नाही, पण तटावरून चालताना एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला लिस्बनपर्यंतचा मुलूख दिसतो. आपल्याकडच्या गडांवर फिरलेल्या माणसाला हा तट मनापासून आवडेल. तिथून बस न घेता जंगलातल्या पायवाटेनं खाली उतरा. पाऊण तासात गावात येता, आणि सगळ्या दिवसातला सर्वांत शांत वेळ तोच असतो.

दुपारी किंता दा रेगालेरा. गावातून चालत दहा-पंधरा मिनिटं. ब्राझीलमधल्या व्यापारावर गडगंज झालेल्या कार्व्हाल्यु मोंतेइरु या माणसानं रंगभूमीचे पडदे रंगवणाऱ्या लुइजी मानिनी या इटालियन कलावंताकडून १९०४ ते १९१० या काळात हे घर आणि बाग करून घेतली. इथली विहीर पाहण्यासाठी लोक येतात. ती सत्तावीस मीटर खोल आहे आणि पाण्यासाठी खोदलेलीच नाही. भिंतीला लागून गोल फिरत जिना खाली जातो, जिन्याच्या कडेला दगडी खांब आणि कमानी. वर शेवाळाचा ओला वास येतो, दोन-तीन वळणं उतरलात की आवाज घुमायला लागतात आणि वरचं आकाश लहान होत जातं. तळाशी रंगीत दगडात दिशाचक्र कोरलंय. तिथून अंधाऱ्या भुयारानं चालत जाऊन तळ्याकाठी बाहेर पडायचं. पायऱ्या ओल्या असतात, धरायला कठडा पुरेसा नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच पाहावी.

ज्येष्ठ माणसं बरोबर असतील, तर मी पेना आणि किल्ला दोन्ही गाळेन. त्याऐवजी गावातला राष्ट्रीय राजवाडा पाहा. स्वयंपाकघराची दोन पांढरी शंकूच्या आकाराची धुराडी लांबूनच दिसतात, ती प्रत्येकी ३३ मीटर उंच आहेत. मग ४३५ नंबरच्या बसनं मोन्सेराट. फ्रान्सिस कुक या इंग्रज व्यापाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा महाल. नक्षी, जाळ्या, मधला लांब सज्जा बघताना मुघल आणि मूर वास्तूंची आठवण येते. बाग उतरती आहे, पण वर परत यायला सोय होते का ते फाटकावर विचारून ठेवा. गर्दी पेनाच्या निम्मीसुद्धा नसते, आणि मला स्वतःला सिंत्रातली हीच जागा सर्वांत प्रिय आहे.

मोन्सेराटच्या त्याच रस्त्यावर पेन्या व्हेर्द नावाची एक खासगी वाडी लागते. आत जाता येत नाही, पण तिच्यासमोरून जाताना एवढं माहीत असू द्या: ही जागा दों जुआंव द काश्त्रु याची. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज सत्तेचा गव्हर्नर आणि अखेर व्हाइसरॉय झालेला हा माणूस १५४८ साली गोव्यातच वारला. घारापुरीच्या लेण्यांचं वर्णन लिहून ठेवणाऱ्या पहिल्या युरोपियनांपैकी तो एक. सोमनाथ पाटणचा, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला संस्कृत शिलालेख याच वाडीत आणून बसवला होता. अभ्यासक त्याला ‘सिंत्रा प्रशस्ती’ म्हणतात. गुजरातच्या किनाऱ्यावरची प्रशस्ती युरोपातल्या या डोंगरी गावाच्या नावानं ओळखली जाते.

खाण्याचं म्हणाल, तर गावात दोन पदार्थ घ्याच: केइजादा, म्हणजे ताजं चीज, साखर, अंडं घातलेली छोटी कुरकुरीत वाटी, आणि त्राव्हेसेइरु, बदामाचं सारण भरलेली पापुद्र्यांची लांबट गरम पेस्ट्री. दोन्हींत अंडं असतं.

काश्काइशची गाडी आणि काशियश

हा अर्ध्या दिवसाचा बेत आहे, सिंत्राच्या दमणुकीनंतरच्या दिवसासाठी उत्तम. काइश दु सोद्रेहून गाडीत डाव्या बाजूला बसा. तेझु नदी रुंद होत जाते आणि तिचा समुद्र कधी झाला ते कळत नाही. चाळीस मिनिटांत काश्काइश. बंदरातून चालत वीस मिनिटांवर बोका दु इन्फेर्नु, जिथे लाटा खडकाच्या कपारीत शिरून उसळतात. पोहायचं असेल तर वाटेतल्या कार्काव्हेलुशला उतरा, तिथला किनारा मोठा आहे. पाणी मात्र अटलांटिकचं आहे, ऑगस्टमध्येही गार.

याच मार्गावर काशियश नावाचं लहानसं स्टेशन लागतं. पर्यटक तिथे उतरत नाहीत. तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीनं राजकीय कैदी डांबले होते, आणि त्यांत मोहन रानडे होते. सांगलीचा हा तरुण मराठी शिक्षक म्हणून गोव्यात गेला, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरला. १९५५ साली बेतीच्या पोलिस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. पुढे त्यांना पोर्तुगालला हलवलं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तरी रानडे इथेच होते. सुधीर फडके आणि इतरांनी त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात जोर लावला, तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला, आणि १९६९ च्या जानेवारीत ते सुटले. किल्ल्यात आजही तुरुंगच आहे, त्यामुळे पाहायला आत जाता येत नाही. पण डावीकडच्या समुद्रावरून नजर काढून त्या स्टेशनवर गाडी थांबेल तेव्हा क्षणभर उजवीकडच्या चढाकडेही पाहा.

पेनिश: मराठी आणि गोमंतकीय माणसानं चुकवू नये असं

सेत रिउशहून बसनं साधारण दीड तास. पेनिश हे मासेमारीचं गाव, समुद्रात घुसलेल्या भूशिरावर. लाटांवर खेळणाऱ्यांना ते माहीत आहे, बाकीचे फार कमी जातात. गावाच्या टोकाला समुद्राला भिडलेला किल्ला आहे. १९३४ ते १९७४ इथे राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. १९७४ च्या एप्रिलमध्ये ही हुकूमशाही उलथवणारी क्रांती झाली आणि दोन दिवसांनी, २७ एप्रिलला, कैदी सुटले. बरोबर पन्नास वर्षांनी, २०२४ मध्ये त्याच तारखेला, इथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय पूर्णपणे खुलं झालं.

१८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभा घेतली, त्यानंतरच्या धरपकडीत सापडलेल्या गोव्यातल्या पुढाऱ्यांना लष्करी न्यायालयापुढे उभं करून इथे पाठवलं. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे. कुन्हांना आठ वर्षांची शिक्षा झाली होती. पणजीच्या आझाद मैदानावर त्यांचं स्मारक आहे, ते पाहिलेल्या माणसानं हा किल्लाही पाहावा.

आत सगळ्यांत आधी भेटीची खोली पाहा. कैदी एका बाजूला, घरची माणसं दुसऱ्या बाजूला, मध्ये काच, आणि बोलणं ऐकायला पहारेकरी. खोली जशी होती तशी जपली आहे. मग एकांतकोठड्या. मग कैद्यांच्या नावांची भिंत. तटावर आलात की खाली लाटा आपटताना दिसतात. याच तटावरून ३ जानेवारी १९६० ला कम्युनिस्ट नेता आल्व्हारु कुन्याल आणि त्याचे नऊ सोबती एका पहारेकऱ्याच्या मदतीनं निसटले, चादरी एकमेकींना बांधून खाली उतरले. सावकाश पाहायला दोन-अडीच तास ठेवा. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा मंगळवार ते रविवार असा बेत करा.

दुपारी बंदराजवळ जेवा. मासे खाणाऱ्यांसाठी कोळशावर भाजलेल्या सार्डिन इथल्यासारख्या क्वचितच मिळतात. हवा चांगली असेल तर उन्हाळ्यात बेर्लेंगा बेटावर बोटी जातात, पण समुद्र खवळलेला असतो आणि बोटीत मळमळतं. संग्रहालय आणि बेट एका दिवसात करू नका. लिस्बनला परतायच्या शेवटच्या बसची वेळ पोचल्या पोचल्या स्थानकावर लिहून घ्या, संध्याकाळी बस विरळ होतात.

ज्यांच्याकडे भाड्याची गाडी आहे, त्यांना पेनिशला ओबिदुश जोडता येईल, अंतर पंचवीस किलोमीटर. तटबंदीच्या आत पांढऱ्या घरांचं गाव, राजे लग्नात राण्यांना आंदण द्यायचे असं. तटावरून पूर्ण फेरी मारता येते, मात्र आतल्या बाजूला कठडा नाही. लहान मुलांना तिथे नेऊ नका. जुन्या चर्चमध्ये थाटलेलं पुस्तकाचं दुकान आवर्जून पाहा.

एव्होरा, तोमार, माफ्रा: कोणतं निवडायचं

एव्होरा दीड तासावर आहे, पण रेल्वेगाड्या दिवसातून मोजक्याच. बस जास्त सोयीच्या. गावात रोमन मंदिराचे खांब आहेत, मोठं कॅथेड्रल आहे, आणि सान फ्रान्सिस्कु चर्चला लागून हाडांचं चॅपेल आहे, ज्याच्या भिंती माणसांच्या कवट्या आणि हाडांनी मढवल्या आहेत. सोळाव्या शतकातल्या जलवाहिनीच्या कमानींत लोकांनी घरं बांधली आहेत, ती पाहायला गावाच्या उत्तरेला चालत जा. अलमेंद्रेशची प्राचीन पाषाणवर्तुळं गावाबाहेर पंधरा किलोमीटरवर आहेत, तिथे बस नाही, टॅक्सी करावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये एव्होराला जाऊ नका असंच मी सांगेन. एव्होराभोवतीच्या आलेंतेजु प्रांताचं ऊन विदर्भातल्या मे महिन्यासारखं असतं, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

तोमार दोन तासांवर. टेंपलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी ११६० मध्ये सुरू केलेला किल्ला आणि त्यातला ख्रिस्ताच्या संघाचा मठ. या संघाचा लाल क्रूस वास्को द गामाच्या जहाजांच्या शिडांवर होता. मठाच्या भिंतीवर दगडात कोरलेली एक खिडकी आहे, दोरखंड, पोवळी, समुद्री वेली यांनी भरलेली. भारताच्या वाटेवरच्या मोहिमांनी या देशाच्या दगडावर काय छाप सोडली, ते तिथे एका दृष्टिक्षेपात कळतं. मठात शिरलात की तीन तास सहज जातात. इतिहासाची आवड असेल आणि एकच लांबचा दिवस हाताशी असेल, तर माझं मत तोमारला.

माफ्रा तासाभराच्या बसवर. १७१७ मध्ये सुरू झालेला प्रचंड राजवाडा, ब्राझीलच्या सोन्यावर उभा राहिलेला. ग्रंथालयासाठी जावं. पुस्तकं खाणारे किडे फस्त करायला तिथे वटवाघळं राहतात, आणि ग्रंथपाल त्यांना हाकलत नाहीत. मंगळवारी बंद.

जेवण, पैसे, पाय

शाकाहारी माणसाची अडचण होते, पण उपाशी राहावं लागत नाही. ‘सेम कार्न, सेम पेइश’ म्हणजे मांस नको, मासा नको, हे शब्द पाठ करा. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर ट्यूना किंवा हॅम घातलेलं येऊ शकतं. भाज्यांचं सूप सगळीकडे मिळतं, पण काल्दु व्हेर्द या पालेभाजीच्या सूपमध्ये वर सॉसेजची चकती असते. चीज टोस्ट, ऑम्लेट, राजमा-भात, सॅलड एवढ्यावर दिवस निघतो. कॅफेत काचेत ‘शामुसा’ दिसला तर भुलू नका, आपल्या समोशासारखाच दिसतो, सारण बहुधा मांसाचं असतं. विचारूनच घ्या. लिस्बनमध्ये मार्तिं मोनिशच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी वाणसामानाची दुकानं आहेत. तिथून सकाळी थेपले, चिवडा, केळी घेऊन निघालात तर दुपारची चिंता राहत नाही.

बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, लोणी आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगा, कोणी वाईट मानत नाही.

पैसे काढायला बँकेला लागून असलेलं मल्टिबांकुचं एटीएम वापरा. यंत्रानं ‘रुपयांत आकारू का’ विचारलं तर नाही म्हणा आणि युरो निवडा.

पायात रबरी तळाचे बूट हवेत. इथले पदपथ लहान पांढऱ्या दगडांच्या तुकड्यांनी मढवलेले असतात, आणि पाऊस पडला की त्यावरून पाय हमखास घसरतो.

एक शेवटची सूचना, जी टूर करणारे सांगत नाहीत. पोर्तुगालमध्ये रेल्वेचे संप बऱ्यापैकी होतात आणि आधी जाहीर होतात. त्याला ‘ग्रेव्ह’ म्हणतात. आदल्या रात्री रेल्वेच्या संकेतस्थळावर हा शब्द दिसतो का ते पाहा. दिसला, तर त्या दिवशी तोमार आणि सिंत्रा मागे ठेवा आणि बसनं जाता येतील अशी पेनिश, माफ्रा, ओबिदुश ही गावं पुढे घ्या.